उतरायला दगड

कुंभार पिंपळगावच्या शिवारात, गावापासून पायी तासभर आत, रामप्रसादांचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे शेतातलं राहतं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, छपरात एक गाय आणि मागं मोसंबीचा बाग. रामप्रसाद जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांची बायको उषाबाई गेल्या माघात गेली. आता तिथं त्यांची लेक बेबीनंदा एकटी राहते. नाव एवढं ऐसपैस, पण बाई मोसंबीच्या खालच्या फांदीखालून न वाकता जाते.

लहानपणी उषाबाई तिला कपडे घ्यायची ते वाढत्या अंगाचे. सगळं गावच असं घेतं. पोरगं वाढणारच, मग एक बोट सैल घेतलेलं बरं. बेबीचा झगा पायात यायचा आणि आई म्हणायची, पुढच्या वर्षी बराबर होईल. पुढच्या वर्षी झगा फाटायचा, पण बराबर काही व्हायचा नाही. थोरला भाऊ काकासाहेब मात्र ताडासारखा वाढला. घरातली सगळी उंची त्यानं एकट्यानंच उचलली, असं त्यांचा चुलता हसत सांगायचा. बेबीला बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि मग त्यांच्यातला कुणीतरी म्हणायचा, "जरा उभी राहा, बाळा." ती उभीच असायची. असं दोन-तीनदा झालं, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की आपल्या उंचीचा विषय आपल्या तोंडून कधी काढायचा नाही. दुसऱ्यांनी काढला तरी आपण हसून गप्प बसायचं. त्यात तिची चाळिशी आली.

आई होती तोवर आखाड्यावर बोलणं होतं. भांडण होतं. आई गेल्यावर बेबीच्या लक्षात आलं की दिवसभरात आपल्या तोंडून जो एकच शब्द निघतो तो गाईला घातलेली हाक असते. गावात गेलं तर माणसं होती. मारुतीच्या गल्लीत आईची मैत्रीण झुंबरबाई होती. पिठाच्या गिरणीवर बाया होत्या. वाटेत ओढ्याजवळ शेळ्या घेऊन बसलेला रामकिसन मामा होता. हा मामा म्हणजे एक नमुना. जाणाऱ्या प्रत्येकाला विचारणार, "कुठं निघालीस?" वाट गावाशिवाय दुसरीकडं कुठं जात नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. पण उत्तर देणारा घटकाभर थांबतो, तंबाखू निघते, आणि सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची खबर घेऊन होते. पण पायी जाऊन पायी यायचं म्हणजे बेबीला झुंबरबाईच्या दारात टेकताच उठावं लागायचं. अंधार पडला की रानात डुकरं. हळूहळू तिचं जाणं बाजाराच्या दिवसापुरतं उरलं.

म्हणून सायकल.

लहानपणी बापाच्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून ती कैची शिकली होती, तेव्हा चालवण्याचं भ्या नव्हतं. अडचण वाटेची होती. मुरूम, गोटे, काळ्या मातीची ढेकळं आणि जागोजाग बाभळीचे काटे. बाया चालवतात तसली टोपलीवाली बारीक चाकांची सायकल शेजारच्या आखाड्यावरल्या पोरीला शाळेतून मिळाली होती, तिचं चाक दुसऱ्याच महिन्यात जिलबीसारखं झालं. जाड टायरची, रानात चालणारी, पोरं घुमवतात तसली हवी होती.

काकासाहेब जालन्याला एका कचेरीत आहे. माणूस मायेचा. दर रविवारी संध्याकाळी भाजी घ्यायला निघाला की बहिणीला फोन करतो. तो म्हणाला, "ये इकडं, मी घेऊन देतो. फक्त खर्चा हाताबाहेर नको."

जालन्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कुणाला पाहिजे?" काकासाहेबानं बहिणीकडं बोट केलं. दुकानदारानं तिला वरून खाली बघितलं आणि आतून गुलाबी सायकल काढून आणली, हँडलला झिरमिळ्या लावलेली. बेबी हसली. असल्या वेळी ती हसायचीच.

दाराशी एक निळी सायकल उभी होती. टायर जाड, दांडी पुढून मागं उतरती, चाकं चोवीस इंची. बेबीनं जाता जाता तिच्या सीटवर हात ठेवला तर हात कमरेजवळच राहिला. काकासाहेबानं तिचा भाव विचारला. मग तिच्या शेजारच्या काळ्या, सव्वीस इंची धिप्पाड सायकलीचा विचारला. दोन्हींचा एकच.

"एकच कसा?" तो म्हणाला.

"लोखंडात असा कितीसा फरक पडतो, साहेब? मेहनत तेवढीच."

"मंग छोटी घ्यायला आपण येडे का? तेवढ्याच पैशात मोठी येऊन राह्यली."

यात काकासाहेबाला फार दोष देता येत नाही. आपल्यातला कुणीही हेच म्हणाला असता. बूट घेताना, पातेलं घेताना, गोदडी घेताना आपण हेच म्हणतो. दुकानदार तरी बोलला, "ताईंना एकदा बसवून बघा." पण बेबी नऊवारीत नसली तरी पाचवारीत होती, दुकानात चार गडी उभे होते, आणि दांडी तिच्या पोटाला लागत होती. ती म्हणाली, "असू द्या. चांगलीच हाय."

मोसंबी टाकून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत घालून सायकल आखाड्यावर आली.

पंजाबी ड्रेस घालून, गाईच्या हौदाच्या काठावर चढून बेबी सायकलीवर बसली. सीट होईल तेवढी खाली केली होती. कंबर एकदा इकडं, एकदा तिकडं हलवली की पायाची बोटं पायडलला पुरायची. सायकल चालली, आणि काय चालली! गोट्यांवरून, काट्यांवरून, हत्तीसारखी. ओढ्याजवळ रामकिसन मामा दिसला. त्यानं हात वर केला.

"कुठं निघालीस?"

बेबीनं ब्रेकला हात लावला आणि तिच्या ध्यानात आलं की थांबलो तर पाय कुठं टेकवायचा? खाली बघितलं तर जमीन विहिरीच्या पाण्याएवढी लांब. "गावात, मामा," म्हणत ती पुढं गेली. पुढच्या वळणावर उतरायचा प्रयत्न केला, तर सायकल एका अंगावर आणि ती दुसऱ्या. गुडघा फुटला. सायकलीला काही झालं नाही.

मग तिला कळलं की या सायकलीला उतरायला दगड लागतो. आखाड्याचा हौद, नळीच्या पुलाचा कठडा आणि मारुतीचा पार, एवढीच ठिकाणं. झुंबरबाईच्या ओट्याला टेकता आलं असतं, पण गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाला होता आणि रस्त्यानं ओटा गिळला होता. गिरणीपुढं तर काहीच नव्हतं. बाया म्हणायच्या, "थांब की गं बेबे," आणि बेबी मान हलवून निघून जायची. पाराशी उतरायची, सायकल हातात धरून झुंबरबाईकडं मागं यायची. पण तेवढ्यात गिरणीवरल्या बाया दळण घेऊन गेलेल्या असायच्या.

झुंबरबाईनं एकदा तिला चहा देताना सांगितलं, "बाया काय म्हणून राह्यल्या, म्हाईत हाय का? म्हणतात, बेबीला चाकं आली आन् मान ताठ झाली."

"तसं न्हाई, मावशी."

"मंग कसं?"

आता इथं एक वाक्य बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य तिनं वीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. तिनं चहा बशीत ओतला आणि फुंकत बसली. झुंबरबाईनंही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून गिरणीवरून "थांब" म्हणणं बंद झालं.

पायी जात होती तेव्हा वाटेत माणसं भेटत होती. आता ती नुसती दिसत होती. आखाड्यावर परत आल्यावर बेबीला वाटायचं, आपण गावात जाऊन आलो की सिनेमात गाव बघून आलो?

रविवारी वाटेत असताना पिशवीतला फोन वाजला. दादा. पुलाचा कठडा अजून लांब होता. फोन वाजत राहिला, सायकल चालत राहिली. कठड्याला टेकून तिनं उलटा लावला तर तो म्हणाला, "आता भाजीची पिशवी हातात हाय, बेबी. पुढच्या रविवारी बोलू. सायकल कशी हाय?"

"चांगली हाय."

दर वेळी ती हेच म्हणायची. भावानं मायेनं घेतलेली वस्तू नको म्हटली आणि त्याला लागलं, तर रविवारचा फोनही जायचा, ही धास्ती होती. रविवारच्या त्या पाच मिनिटांवर तिचा आठवडा निघायचा.

पण खरी गोष्ट ओढ्याजवळ घडली. एका दुपारी ती निघाली तर रामकिसन मामा नेहमीच्या जागी होता. लांबून सायकल दिसताच तो उठला, आणि दुसऱ्या अंगाला तोंड करून बसला. वाटेकडं पाठ. शेळ्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं, मामानं बघितलं नाही. जगातल्या सगळ्यांना "कुठं निघालीस" विचारणारा माणूस तिला विचारायचा राहिला.

त्या दिवशी ती गावात न जाता कठड्यापासूनच माघारी फिरली.

रविवारी मोसंबीचा टेम्पो तीर्थपुरीवरून जाणार होता. बेबीनं त्यात सायकल घातली. तीर्थपुरीत सोमेश्वर म्हणून एक आहे, जुन्या सायकली घेतो-देतो. त्याच्या दुकानापुढं डझनभर सायकली उन्हात उभ्या. त्यात एक तांबडी होती, चोवीस इंची, जाड टायरची, रंग उडालेली.

"ही घ्या आन् ती द्या," बेबी म्हणाली.

सोमेश्वर काळ्या सायकलीभोवती फिरला. चाक उचलून फिरवलं. ब्रेक दाबला. दांडीखाली वाकून जोड बघितला.

"हिच्यात खराबी काय हाय?"

"काहीच न्हाई."

"ताई, मला येडं समजू नका. नवी कोरी मोठी सायकल देऊन जुनी छोटी कोण मागतं? हिचं काहीतरी मोडलंय. जल्दी सांगा, म्हणजे तुमचं बी काम होईल आन् माझं बी."

"हिचं काही मोडलं न्हाई."

"मंग?"

रस्त्यावर बाजार भरला होता. दोन माणसं ऐकत उभी होती. बेबीनं तांबडीच्या हँडलला धरलं.

"माझे पाय पुरत न्हाईत," ती म्हणाली. "मी बुटकी हाय. मला थांबता येत न्हाई."

सोमेश्वरनं तिच्याकडं बघितलं, मग काळीच्या दांडीकडं. तांबडी ओढून रस्त्यावर आणली. "बसून बघा. अशी न्हाई. दोन्ही पाय खाली सोडा."

तिनं सोडले. एका बाजूचा तळवा, दुसऱ्या बाजूचा तळवा, टाचेसकट. खाली गरम डांबर लागलं. उभे होते त्यातला एक जण म्हणाला, "शाळेत निघाली का काय बाई?"

"व्हय," बेबी म्हणाली. "तुमी येता का? तुमचं बी राह्यलेलं दिसतंय."

सोमेश्वर हसला. त्यानं तांबडीचे ब्रेकचे रबर बदलले, हँडल थोडं मागं घेतलं, आणि नवीच्या बदल्यात वरचे काही पैसेही हातावर ठेवले. ते तिनं न मोजता पिशवीत टाकले. परतणाऱ्या टेम्पोनं तिला पिंपळगावच्या फाट्यावर सोडलं.

गिरणी बंद होती, रविवार. झुंबरबाईच्या दाराला कडी होती, ती लेकीकडं गेल्ती. बेबी गल्लीच्या मधोमध थांबली, पाय टेकून, बंद दाराकडं बघत. आता थांबता येत होतं आणि गावात थांबण्यासारखं कुणी नव्हतं. मग ती आखाड्याच्या वाटेला लागली.

ओढ्याजवळ मामा होता, पाठ करून. बेबीनं त्याच्यामागं जाऊन ब्रेक दाबला. पाय खाली आले. चाकाखालचा मुरूम करकरला आणि थांबला. मामा वळला नाही.

"कुठं निघाले, मामा?" ती म्हणाली.

मामानं एक शेळी जवळ ओढली. मग मामा म्हणाला, "आज थांबलीस म्हणायची."

"त्या सायकलीवरून पाय पुरत नव्हते, मामा."

मामानं वळून तांबडीकडं बघितलं, तिच्या पायांकडं बघितलं. "मंग सांगायचं होतं की, पोरी," तो म्हणाला. "मी दगड आणून ठेवला असता." आणि तंबाखूची पिशवी काढली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती तिथंच, पाय टेकून बोलली.

"दादा, सायकल बदलली. तीर्थपुरीला. छोटी घेतली."

पलीकडं बाजाराचा कल्ला होता. "छोटी? मोठी देऊन?"

"मोठीवरून मला उतरता येत नव्हतं. तुझा फोन घेता येत नव्हता."

कुणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं. "मला वाटलं, तू नीट चालवत असशील," काकासाहेब म्हणाला. "तूच म्हणायचीस, चांगली हाय."

"म्हणायची."

"बरं. पुढच्या रविवारी करतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. लागलं असेल का त्याला? रविवार येईपर्यंत कळणार नव्हतं.

मामा शेळ्या हाकून निघाला. बेबी चढावर गेली. वरून आखाडा दिसतो. मोठ्या सायकलीवर असताना तो टेकडीवरून कधी नीट बघता आला नव्हता, कारण उतार सुरू झाला की डोळे हौदाच्या काठावर ठेवावे लागायचे. आज ती थांबली. दिवस बुडत होता. शेजारच्या आखाड्यावर दिवा लागला होता, पलीकडच्याही. आपल्या घरात अंधार होता, कारण दिवा लावणारं माणूस इथं टेकडीवर उभं होतं.

ती थोडा वेळ तशीच राहिली, दोन्ही पाय जमिनीवर. खालून गाय हंबरली. बेबीनं पाय उचलले आणि ब्रेकवर बोटं ठेवून हळूहळू उताराला लागली.