दिलरंगचा डावा पाय

फेवरिटवर पैसे लावणं फायद्याचं असतं का? नसतं. मोझेस भिंगारदिवेला हे दोन हंगामांच्या अनुभवानं पुरतं कळलं होतं. दहा शर्यतींत फेवरिट घोडा तीन-चारदा जिंकतो, आणि जिंकला तरी सगळ्यांनी त्याच्यावरच लावलेलं असल्यामुळे पाच रुपयांच्या तिकिटाचे साडेसहा-सात हातात पडतात. तेवढे बाकीच्या सहा शर्यतींनी आधीच खाल्लेले असतात. हे न समजण्याइतका मोझेस खुळा नव्हता. तरी पुण्याचा हंगाम चालू असला की तो दर रविवारी पहाटेच्या एसटीनं नगरहून निघायचा, रेसकोर्सवर जायचा आणि ज्या घोड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असेल त्याचंच तिकीट काढायचा.

आणि असा माणूस धंद्यानं नालबंद होता, हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारून घेईल. सव्वीस वर्षं त्यानं पलटणीत घोड्या-खेचरांचे पाय मांडीवर घेतले होते. जनावर चार पावलं चाललं की कुठल्या खुरात काय दुखतंय ते त्याला कळायचं. पेन्शन घेऊन तो नगरला लागून असलेल्या भिंगारला परत आला तोवर छावणीत रणगाड्यांचं राज्य झालं होतं, आणि रणगाड्याला नाल लागत नाही. मग शेवगावच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणं सुरू झालं. सत्तर साली बायको, दया, गेली. मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्च सुटलं की बायाबापड्या, पोरंसोरं आपापल्या घोळक्यानं घरी जायची. मोझेस दाराशी आपल्या चपला शोधायला मुद्दाम वेळ लावायचा. कुणी हाक मारील म्हणून. हाक यायची नाही, आणि चपला तर समोरच असायच्या.

एकदा चष्म्यासाठी पुण्याला गेला असताना घोडे बघायचे म्हणून तो रेसकोर्सवर शिरला. शेजारच्याचं बघून तिकीट काढलं. घोडा जिंकला, आणि त्या अनोळखी शेजाऱ्यानं आनंदाच्या भरात त्याला कडकडून मिठी मारली. दयाला मूठमाती दिल्यापासून मोझेसला कुणी हात लावला नव्हता. त्याला रडू फुटलं. शेजाऱ्याला वाटलं, बाबा पैशासाठी रडतोय.

तो शेजारी राधाकृष्ण, छापखान्यातला खिळे जुळवणारा. त्याचं पाच-सहा जणांचं टोळकं होतं, सगळे फेवरिटवाले. ‘नगरहून येता होय? या, नगरकर,’ म्हणून त्यांनी मोझेसला कठड्याशी जागा दिली. एकच नाव ओरडायचं, जिंकलं तर एकमेकांच्या पाठीत थापा मारायच्या, हरलं तर एकाच वेळी हळहळायचं आणि मग बाहेर मिळून चहा घ्यायचा. भिंगारला शेजारच्या मालनबाईनं विचारलं होतं, “दर ऐतवारी कुठं जाता वो तुमी?”

“पुन्याला. मान्सं हायेत आपली,” मोझेस म्हणाला होता.

आपली माणसं त्याला ‘नगरकर’ म्हणायची, त्यापलीकडे काही विचारायची नाहीत. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मात्र मोझेसनं तयार ठेवलं होतं. पलटण, आसामच्या डोंगरातली खेचरं, एका साहेबाची घोडी त्यानं कशी वाचवली, दया, सगळं क्रमवार. विचारायचीच खोटी होती.

पहिल्याच हंगामात एकदा त्यानं आगाऊपणा केला होता. एका करड्या घोडीचे खूर इतके सुरेख होते की त्याला राहवलं नाही; फेवरिट सोडून त्यानं तिचं तिकीट काढलं. ती जिंकली. पंचाऐंशी रुपये मिळाले. मोझेस उडी मारून ओरडला आणि पाहतो तो आजूबाजूला सगळे गप्प. राधाकृष्णनं नुसतं “वा, नगरकर” म्हटलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी चहाला हाक आली नाही. खिशात एवढे पैसे घेऊन तो एकटाच परतला. तेव्हापासून घोड्यांच्या पायांकडे बघायचंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. बैल चाऱ्याच्या छावण्यांत गेले, बाजार ओस पडला. तीन आठवडे मोझेसचा हातोडा उचलला गेला नव्हता, आणि बोलायला तर मालनबाईची कोंबडीही थांबत नव्हती. अशात हंगामाचा शेवटचा रविवार आला. पुढच्या शर्यती थेट जुलैत.

शेवटच्या शर्यतीत दिलरंग नावाचा घोडा फेवरिट होता. राधाकृष्णनं खिशातून दहाच्या पाच नोटा काढून सगळ्यांना दाखवल्या. “आज एकदाच. हंगामाची सगळी भरपाई.”

शर्यतीआधी घोडे फिरवत होते. मोझेसची नजर नको नको म्हणत खाली गेली. दिलरंग पुढचा डावा पाय चोरत होता. फार नाही, आपल्यासारख्याला दिसणारही नाही. नाल ठोकताना खिळा खुरातल्या जित्या मांसात गेला होता. मोझेसच्या स्वतःच्या तळव्यात कळ गेली. आता हा घोडा धावला तर जिंकायचा नाहीच, वर पायाचं मातेरं करून घेईल.

“राधाकृष्णराव,” तो म्हणाला.

“बोला, नगरकर.” त्याच्या खांद्यावर हात टाकूनच राधाकृष्ण वळला. चेहरा नुसता फुललेला. तो हात किती जड आणि किती ऊबदार होता, ते मोझेसलाच ठाऊक. सांगावं, तर हा हात निघणार. आणि मधे नऊ महिने.

“काय न्हाई. चला, तिकिटं काढू,” मोझेस म्हणाला, आणि त्यानंही दिलरंगवर दहा रुपये लावले.

दिलरंग शेवटून दुसरा आला, लंगडत. मोझेसनं तेवढं मात्र पाहिलं नाही. सगळे एकदम हळहळले, राधाकृष्णनं कपाळ बडवून घेतलं आणि मग मोझेसच्या पाठीवर थाप मारली. “बुडालो, नगरकर. सगळेच बुडालो. चला, चहा घेऊ.”

चहाच्या टपरीशी बाकीचे एकेक करून पांगले. दोघंच उरले. पन्नास रुपये गेलेला माणूस मऊ झालेला असतो. राधाकृष्णनं मोझेसच्या हातातला कप पाहिला, कपाभोवतीची ती काळी, भाजल्या डागांची, घट्टे पडलेली बोटं पाहिली.

“दोन वर्षं झाली, आपण कधी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही नगरला काय करता हो?”

मोझेसचं उत्तर पाठ होतं. पण ‘नालबंद’ म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न काय येणार तेही त्याला दिसत होतं. मग आज तुम्हाला घोड्याचा पाय दिसला नाही?

“शाळेत शिपाई हुतो,” तो म्हणाला.

“असं होय.” शिपायाला आणखी काय विचारणार? राधाकृष्णनं चहा संपवला, दोघांचे पैसे दिले. “बरंय, नगरकर. जुलैत भेटू.”

एसटीत मोझेसला खिडकीची जागा मिळाली. त्यानं खरं उत्तर पहिल्यापासून मनात म्हणायला घेतलं. पलटण, आसाम, साहेबाची घोडी, दया. सगळं सावकाश, काही न गाळता. सुपे यायच्या आत ते संपलं; नगर अजून तासभर पुढं होतं.