हजार कॅलरी

“उचला रे! हजार कॅलरी जाळल्याशिवाय घरी नाय!” ओतूरच्या जिममध्ये मी ओरडत होतो. वजनं उचलून आमच्या टोळीने किती कॅलरी जाळल्या, हा अंदाज रोज मीच सांगायचो. खऱ्या त्याच्या पावपटही नसतील. माझ्या आकड्यांनी एव्हाना अख्खा शिवनेरी वितळला असता. सगळे हसायचे. एसटीने येणारा एक जाडजूड माणूस मात्र आकडा तळहातावर लिहून न्यायचा.

“डॉक्टर म्हणलं, धा किलो उतरवा, मग पोरीला किडनी देता येईल,” एकदा तो म्हणाला.

“मग दोन भाकरी जास्त खा, राव! हजार जळाल्यात!”

त्याने ऐकलं. वजनाचा काटा हलेना. पुढे तो यायचाच थांबला.

चार महिन्यांनी स्टँडवर दिसला, निम्मा झालेला. मी विचारलं, “किती उतरलं?”

“पंधरा किलो. पोर गेल्यापास्नं जेवान जात न्हाई.”