उरलेलं पाणी

बायपासला वळायचं राहून गेलं म्हणून मी त्या गावात शिरलो, नाहीतर हायवेवरून त्याची नुसती पाटीच दिसते. एसटीच्या थांब्याशी पाण्याचा रांजण होता. शेजारी पेरू विकत बसलेल्या मावशींनी तांब्या भरून दिला. पाणी पिऊन उरलेलं मी सवयीनं रस्त्यावर फेकणार, तोच त्या ओरडल्या, "ओ दादा, तिकडं नका फेकू! झाडाला घाला."

मागे कवेत न मावणारा कडुनिंब उभा होता.

"एवढा कोणी वाढवला?"

"तुमच्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच. उरलेलं पाणी झाडाला, ही रीतच आहे आमच्या गावची."

मी त्या सावलीत पेरू खात बसलो. कुठकुठली माणसं इथं घटकाभर टेकली असतील, पुन्हा कधी आलीही नसतील. त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या घोटांवर आज माझं डोकं निवत होतं. आभार मानायचे तरी कोणाचे? सगळे केव्हाच पुढच्या गावाला गेलेले.

निघताना तहान मुळीच नव्हती. तरी मावशींकडून तांब्या पुन्हा भरून घेतला, एकच घोट प्यायलो आणि बाकीचं सगळं मुद्दाम उरवलं.