दिव्याभोवतीचा धूर

१२ डिसेंबर १९८४. सकाळी माझ्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. जवळचे तीनशे रुपये मी आत जाण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे सांभाळायला दिले. आत डॉक्टर आणि नर्स, बाहेर बाकावर एकटे शेजारी. माझ्या घरचे कोणी नव्हते. पत्नी जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी अमरावतीला बाळंतीण होती, तिला मी कळवलेच नाही.

त्याआधीचे दोन हिवाळे मला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती धूर दिसे. भिलाईत धूर दिसला म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. कारखान्याचा आहे म्हणायचे आणि खिडकी लावायची. मीही लावत असे. घरात दुसरे कोणी असते तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले असते, की धूर नाही. पुढे भट्टीवरच्या वजनाच्या नोंदीत ३ आणि ८ सारखे दिसू लागले, तेव्हा भीती वाटली. आकडे वाचणे हीच माझी नोकरी होती.

एका संध्याकाळी फाटकाशी मी शेजाऱ्यांना म्हटले, आज धूर फारच आहे. ते वर्ध्याकडचे. भिंतीला भिंत लागून, पण पत्नी गेल्यापासून आमचे बोलणे नमस्कारापुरते उरले होते. ते वर बघून म्हणाले, "कोठं धूर दिसून राहिला भाऊ तुमाले? मले तर तारे दिसून राहिले."

डॉक्टरांनी सांगितले, डोळ्यातले भिंग गढूळ झाले आहे. औषधाच्या थेंबांनी ते निवळत नाही, काढावेच लागते. वय, ऊन, भट्टीची धग, नेमके कशाने ते सांगता येत नाही. पण यापुढे भट्टीसमोर निळी काच डोळ्यांवरून काढू नका. मग त्यांनी विचारले, "घर में कौन है?"

ऑपरेशननंतर वाकायचे नाही, डोळ्याला पाणी लावायचे नाही, थेंब दुसऱ्याने घालायचे. हे ऐकून आल्यावर, ऑपरेशनच्या आधी, आठवडाभर मी कोणाला विचारले नाही. शेवटी शेजाऱ्यांना विचारले. ते एवढेच म्हणाले, "आधी कावून नाही सांगतलं?"

महिनाभर ते ड्यूटी सांभाळून येत. मी मान मागे टाकायचो, ते दोन बोटांनी पापणी उघडत आणि गावाकडचे काहीबाही सांगत. थेंबांची बाटली संपली तसे येणे थांबले. जाड भिंगाचा चष्मा आला त्या संध्याकाळी मी फाटकाशी गेलो. दिव्याभोवती धूर नव्हता. त्यांची सेकंड शिफ्ट होती, ते घरी नव्हते, म्हणून थोडा वेळ उभा राहून आत आलो.

चष्म्याचे नव्वद रुपये चष्मेवाल्याला दिले. शेजाऱ्यांनी तीनशे तसेच परत केले होते. थेंबांची बाटली त्यांनीच आणली होती, फार म्हटल्यावर तिचे साडेसहा रुपये घेतले.