पोट आत घेऊन दिलेलं माप

माझ्या जीपच्या स्टिअरिंगसाठी आबांनी माझं माप घेतलं, तेव्हा मी पोट आत घेऊन बसलो होतो. पुढं जे झालं त्याचं मूळ एवढंच. सांगायला लाज वाटते, म्हणूनच आधी सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कचेरीत कारकून, वय पस्तिशीच्या पुढं, आणि अंगात अचानक गाडीची हौस शिरलेली. हातकणंगल्याजवळच्या एका भंगारवाल्याकडून मी जुनी जीप उचलून आणली. उचलूनच म्हणायचं, कारण ती टेम्पोत बसून आमच्या दारात आली. इंजिन होतं, चाकं तीन होती आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या जागी नुसतं भोक. बायको दारात येऊन बघून गेली.

"शेळ्या बांधायला बरी आहे," म्हणाली.

आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं लोखंड कातायचा लेथ चालवत होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्या दुरुस्त करून संपवल्या होत्या. त्यांनी जीपला दोन फेऱ्या मारल्या, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "दांडा मी करणार. इकत आणू नगं. खरं एक अट हाय. गाडीची पहिली फेरी नरसोबाच्या वाडीला. आणि पुढं तुझ्याशेजारी मी बसणार. तुझी आई मागं."

"मागं तर मागं. आधी हलू दे तरी," आई आतून म्हणाली.

मापाच्या दिवशी आबांनी जीपच्या सांगाड्यात लाकडी खोकं ठेवलं, मला त्यावर बसवलं आणि समोर तिरकी काठी धरली. समोरच्या कट्ट्यावर शेजारच्या दोन वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, पोट सोडून कसं बसायचं?

"असाच बसतोस न्हवं रोज?" आबांनी विचारलं.

"असाच."

"श्वास घे की मर्दा."

"घेतोय की."

त्यांनी काठीवर खडूनं खूण केली. ती खूण माझ्या पोटाची नव्हती, पण त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला.

त्यांच्या जुन्या मालकांनी सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीदिवशी, लेथ वापरायची परवानगी दिली. दर सोमवारी आबा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून जायचे. एकदा मी रजा काढून बघायला गेलो. एका अखंड लोखंडी गजातून ते दांडा काढत होते. थोडं कातलं की मशीन थांबवायचे आणि अंगठ्याचं नख दांड्यावरनं हळू फिरवायचे. नख कुठं अडलं की परत मशीन सुरू.

"दोन तुकडे जोडून झटक्यात झालं असतं," मी शहाणपणा केला.

"ब्रेक गेला तर गाडी गिअरवर आवरती," आबा दांड्यावरची नजर न काढता म्हणाले. "चाक निखळलं तर घासत थांबती. स्टिअरिंग तुटलं तर नुसतं बघत बसायचं. ह्याला सांधा चालत न्हाय."

सहा सोमवारांत दांडा तयार झाला, तोवर मी चौथं चाकही मिळवलं. खंडेनवमीच्या चार दिवस आधी तो त्यांनी बसवला. खंडेनवमीला गाडीची पूजा, दुसऱ्या दिवशी वाडी, असं ठरलं. मी कचेरीत सगळ्यांना पूजेचं आमंत्रण देऊन टाकलं. मग सीटवर जाड गादी टाकून मी ऐटीत बसलो, श्वास सोडला, आणि स्टिअरिंग पोटात रुतलं. वळवायला गेलो तर शर्टाची बटणंही सोबत वळायला लागली.

आबांना सांगायचं म्हणजे पोटाचं सांगायचं. शिवाय नवा गज, परत सहा सोमवार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा बाजारात गेलेले बघून दांडा काढला, स्कूटरला बांधला आणि हायवेच्या कडेच्या एका वेल्डरकडं नेला.

"दोन बोटं कमी करायचाय."

"कुणाची बोटं, पावणं? माझी का तुमची?" वेल्डर हसला. मग दांडा हातात घेऊन जरा थांबला. "स्टिअरिंगचा हाय व्हय? जोड देतो, खरं..."

"द्या हो. उद्या खंडेनवमी, तुम्हीही मशीनची पूजा करणार, हात लावणार नाही."

त्यानं कापला, जोडला, घासून गुळगुळीत केला. वर मी काळा रंग फासला.

खंडेनवमीला दारात माणसं जमली. झेंडूची माळ घातली. आबांनी बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावलं. दांडा ज्या नळीतनं खाली उतरतो ती संपते तिथं तो वीतभर उघडा राहायचा. सवयीनं त्यांचा अंगठा त्याच्यावरनं फिरला आणि थांबला. परत फिरला, परत तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नारळाकडं बघितलं. त्यांनी बरोबर त्या जागेवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाले, "फोड नारळ."

माणसं पांगल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "दांड्याला काय झालंय का?"

"कुठं काय? काही नाही."

"बरं. वाडीचं मग नंतर बघू. गावातल्या गावात फिरव. हळू."

एवढंच. आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. पुढच्या सोमवारी ते खाकी शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकून बसले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मला वाटलं, सवय.

"सवय कसली?" आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "वाट बघत्यात. दांडा नव्यानं करा म्हण, उठून जातील. एक शब्द म्हण जा की त्यास्नी."

"पुढच्या सोमवारी म्हणतो."

असे किती पुढचे सोमवार गेले, कुणास ठाऊक. जीप गावातल्याच रंकाळ्यापर्यंत जायची आणि परत यायची. आबा कधी तिच्यात बसले नाहीत. मग त्यांना मोतीबिंदू झाला, हात थरथरायला लागला आणि खाकी शर्ट कपाटात गेला. काही वर्षांनी आबाही गेले. सांधा मात्र शेवटपर्यंत तुटला नाही. तुटला असता तर निदान मला बोलावं तरी लागलं असतं.

ते गेल्यावर जीप नुसतीच दारात उभी होती. बिद्रीकडचा एक जण ती घ्यायला आला. सगळं बघून खूश झाला. मी म्हणालो, "स्टिअरिंगच्या दांड्याला सांधा आहे. मीच करून घेतलाय."

"किती वर्षं झाली?"

"झाली असतील दहा-बारा."

"मग आता काय हुतंय? चालतंय की, पावणं."

"न्हाय चालत!"

एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आई काठी टेकत बाहेर आली. मी तिथंच पाना घेऊन बसलो आणि दांडा काढून ठेवला. गिऱ्हाइकाला म्हटलं, नवा करून घ्या, अखंड गजाचा. आणि माप देताना पोट सोडून बसा. तो माझ्या पोटाकडं बघून हसला. आता दोन बोटं काय, वीतभर कापला असता तरी मला तो पुरला नसता.

जीप आली तशीच गेली, टेम्पोत बसून, दांड्याच्या जागी भोक घेऊन. आई टेम्पो वळेपर्यंत बघत उभी राहिली.

"एवढं मोठ्यानं तवा बोलला असतास," म्हणाली, "तर वाडीला जाऊन आलो असतो की रे सगळी."

दांडा माझ्या हातातच होता. मी तो घरात नेऊन ठेवला.