करवंटीतल्या मुंग्या

बाबा गेले त्या दिवशी ते जिथे झोपलेले होते तिथे आईने गव्हाचं पीठ पसरलं, त्यावर तुपाचा दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. आमच्याकडे ही रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते पाहायचं. ज्याचं पाऊल दिसेल त्याच्या जन्माला माणूस गेला, असं म्हणतात. कुणाला पाखराची बोटं दिसतात, कुणाला गाईचा खूर. पनवेलजवळ सुकापूरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार, असं मला वाटून गेलं. पण अशा दिवशी माणूस सगळंच बोलत नाही.

टोपली उचलली तेव्हा पिठाच्या कडेपासून दिव्यापर्यंत केसाएवढी बारीक, जरा वाकडी रेघ गेलेली होती. रेघेच्या टोकाशी, जिथे तुपाचा ओघळ आला होता, तिथे काही काळ्या मुंग्या होत्या.

"मुंगी," आई म्हणाली. मग भिंतीला टेकून बसली, आणि तोवर न रडलेली ती बाई रडू लागली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढासा जन्म मिळाला म्हणून तिला वाईट वाटलं असेल. तसं नव्हतं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "साखरेपायी. दुसरं काय."

बाबांना मधुमेह होता, आणि आई त्या मधुमेहाची पहारेकरीण होती. साखरेचा डबा स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा फळीवर असे. बाबा चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि वर "वा, छान झालाय" म्हणायचे. त्या "छान"चा अर्थ आई, मी आणि धाकटी बहीण, आम्हा तिघींनाही कळायचा. मग ते कुठून तरी पेढे आणायचे, बर्फीचा तुकडा आणायचे आणि माझ्या पुस्तकांच्या मागे ठेवायचे. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे घरात पुस्तकं पुष्कळ आणि लपवायला जागाही पुष्कळ. पण दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून मुंग्यांची रांग निघायची, दाराच्या चौकटीवरून वळायची आणि नेमकी त्या कप्प्याकडे जायची. आई लाटणं हातात तसंच घेऊन रांगेच्या मागोमाग जायची आणि पेढा काढून आणायची.

"या घरात मला शत्रू दोन," बाबा म्हणायचे. "एक ही, आणि दुसरे हिचे पोलीस."

"पोलीस आहेत म्हणून जिवंत आहात," आई म्हणायची.

ते गेले ते काही साखरेने नव्हे, हृदयाने गेले. डॉक्टरांनी तसं सांगितलंही. पण आईच्या मनात डबा वरच्या फळीवर होता, तो तिथेच राहिला.

त्यानंतर रोज सकाळी स्वतःचा चहा झाला की ती चिमूटभर साखर घ्यायची आणि ओट्याखालच्या कोपऱ्यात, खिडकीकडच्या फरशीला जिथे चीर गेली होती तिथे ठेवायची. "घ्या," म्हणायची. कधी रविवारी साखरेऐवजी गूळ. साखरेचा डबा आता खालीच, गॅसच्या शेजारी आला होता.

मुंग्यांना पहिल्यापासून आमचं घर ठाऊक होतं. आता त्यांना ते आवडू लागलं. पोळ्यांच्या डब्यात, तूरडाळीत, चहाच्या गाळणीतही मुंग्या. मी गुळाचा डबा परातीत पाणी घालून त्यात ठेवू लागले. पीठ मळण्याआधी चाळायचं, गाळणी झटकायची, भाजी चिरण्याआधी विळीवर फुंकर मारायची, हे सगळं अंगवळणी पडलं. मी आईला काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटत होतं. मुद्रितावरून एखादी मुंगी चालत जायची तेव्हा मी पेन्सिल उचलून धरायची आणि ती समासापार जाईपर्यंत थांबायची. रीतीवर माझा विश्वास नाही, पण माझ्या हाताला ते कोण सांगणार.

बाबा गेले तेव्हा धाकटी बहीण पुण्याला सासरी होती, पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते घरात दुःख म्हणून तिकडेच झालं. मुलगी झाली. आईने तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं. वर्ष होईपर्यंत आई घराबाहेर पडायला तयार नव्हती. पुणं सोडा, ती बिल्डिंगच्या खालीसुद्धा उतरत नव्हती. त्यामुळे बाळ रांगायला लागल्यावर बहीण तिला घेऊन आली, तेव्हा आईने उंबऱ्यावरच तिला छातीशी धरलं आणि बराच वेळ कुणालाच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ स्वयंपाकघरात रांगत ओट्याखाली गेलं आणि किंचाळलं. काळ्यांच्या मागून लाल मुंग्याही केव्हा घरात शिरल्या होत्या, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मांडीवर, पोटरीवर लाल गांधी उठल्या होत्या. बहिणीने तिला उचलून नळाखाली धरलं. मी खोबरेल शोधत होते. आई मात्र त्या कोपऱ्याकडे बघत उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "नातीला?"

बहिणीने मान वळवली. पिठाची गोष्ट तिला फोनवर कळली होती, साखरेची नव्हती. आता कोपऱ्यातली साखर तिला दिसली.

"आई, बाबांनी जन्मात आम्हाला चापट मारली नाही. ते चावतील?"

"ते नव्हेत ते," आई गडबडून म्हणाली. "ते काळ्यांतले. लाल बाहेरच्या आहेत."

एरवी आम्ही तिघी हसलो असतो. बहीण हसली नाही. संध्याकाळी ती पुण्याला परत गेली. निघताना जिन्यात मला म्हणाली, "ताई, मुंग्या गेल्या की कळव. तोवर मी हिला आणायची नाही. आणि औषध मारून घेऊ नकोस, ही जमिनीवरचं सगळं तोंडात घालते."

दोन्ही अटी बरोबर होत्या, म्हणूनच कठीण होत्या. फवारणी नको, खडू नको, जेलचे ठिपके नकोत. आणि मुंग्या मात्र जायला हव्यात. मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला बसले. मुंगी चालते तेव्हा मागे वास सोडते, आणि त्या वासावरून मागची मुंगी येते. म्हणजे मारायची गरज नाही. खाणं उचलायचं, साबणाच्या पाण्याने वाट पुसून काढायची, मग थोडं व्हिनेगर फिरवायचं आणि चीर बुजवायची. वाट हरवली की मुंग्या दुसरं घर बघतात. मला हे फार सौम्य वाटलं. मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं.

ती पोळी लाटत होती. हात थांबला.

"म्हणजे वाट पुसून टाकायची?"

"हो. एकही मरत नाही."

"आणि आल्यावर त्यांना घर सापडायचं नाही."

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

"मारलेलं परवडलं त्यापेक्षा," ती म्हणाली, आणि पोळी उलटायला वळली.

पुसायचं तसंच राहिलं. रोज संध्याकाळी बहीण फोनवर बाळ दाखवायची. बाळ पडद्याकडे हात करायचं, आई पडद्याला बोट लावायची. "येतेस का गं आजीकडे?" म्हणायची आणि मग तिला आठवायचं की ती का येत नाही. फोन ठेवल्यावर ती ओट्याकडे जायची, साखर उचलायला हात पुढे करायची आणि तशीच परत यायची. एका बाजूला नात होती, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि मधे ओट्याखालची ती एवढीशी चीर.

आमच्याकडे उरणच्या बाजूची एक कोळीण मासे घेऊन येते. आई लग्न होऊन पनवेलला आली तेव्हापासून ही बाई तिची मैत्रीण. वर्षाच्या आत आम्ही मासे घेत नव्हतो, तरी ती टोपली दाराशी टेकवून पाणी प्यायला बसायची. त्या दिवशी तिने आईचा चेहरा बघून विचारलं आणि आईने सगळं सांगितलं. पीठ, साखर, बाळ.

"आमच्यात पन बगतात पिठावर," कोळीण म्हणाली. "माजा सासरा गेला तवा मांजरीचा पाय उमटला. सगली बोलली, म्हातारा मांजर झाला. बरोबर हाय, बोंबलावर जीव होता त्याचा. सासूनं त्या मांजरीला वर्षभर बोंबील घातलं. मी कायपन बोलले नाय."

"मग?"

"मग मांजरीला पिल्ली झाली."

आईला हसू आलं. आवरलं नाही, आणि पदर तोंडावर घेऊन ती हसली. बाबा गेल्यापासूनचं ते पहिलंच. कोळीणही हसली आणि मग ग्लास खाली ठेवत हलक्या आवाजात म्हणाली, "पन ती मांजर सासूच्या पायाशी झोपायची गो. म्हातारीला झोप लागायची."

ती गेली. आईने त्या दुपारी नारळ फोडला, खोबरं खवलं आणि करवंटी धुवायला न टाकता हातात घेऊन बसली. आत खोबऱ्याचा पांढरा थर राहिला होता. तिने त्यावर साखर भुरभुरली आणि करवंटी चिरेच्या तोंडाशी ठेवली.

"सकाळी हे कुठे असायचे?" तिने मला विचारलं.

"खाली आवारात. उंबराखालच्या बाकावर."

"पावसातसुद्धा. छत्री घेऊन बसायचे." ती करवंटीकडे बघत होती. "मी बाई यांना स्वयंपाकघरात कोंडून ठेवलंय. जन्मात कधी ओट्यापाशी उभा न राहिलेला माणूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंटी काळी झाली होती. आत बोट ठेवायला जागा नव्हती. आईने नवी साडी नेसावी तशी नीट घडीची साडी नेसली, करवंटी ताटलीत घेतली आणि चपला घातल्या. मी लिफ्टचं बटण दाबायला गेले.

"लिफ्ट नको. घाबरतील."

आम्ही जिन्याने उतरलो. काही मुंग्या ताटलीवरून तिच्या मनगटावर चढल्या, तिने हात झटकला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून उभ्या राहिल्या. आई इतक्या महिन्यांनी बाहेर पडलेली त्यांना दिसली, पण तिच्या हातातलं बघून काय विचारावं ते त्यांना सुचेना.

"कुठे निघालात?"

"यांना फिरवून आणते," आई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. एवढा शेजारधर्म आमच्या बिल्डिंगमध्ये अजून आहे.

उंबराच्या बुंध्याशी आईने करवंटी आडवी ठेवली. शेजारी चिमूटभर साखर टाकली आणि बाकावर बसली. आकाश स्वच्छ होतं, गोवा रस्त्याच्या बाजूला कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. मुंग्या थोडा वेळ करवंटीच्या कडेवर गोल फिरल्या. मग एक खाली उतरली, मग दुसरी. साली ओलांडून त्या मुळांच्या खोबणीत जाऊ लागल्या.

"आता तू वर जा," आई म्हणाली. "मी इथे आहे तोवर पूस."

मी वर जाऊन साबणाच्या पाण्याने ओटा पुसला, फरशी पुसली, चौकटीवरची वळणाची जागा पुसली, पुस्तकांच्या कपाटापर्यंत. त्या जागी हात जरा अडखळला. तिथे बाबांची पेढ्यांची वाट होती. ती मी शेवटी पुसली.

एकदाच करून भागलं नाही. पुढचे काही दिवस रोज एक करवंटी खाली गेली, रोज आई बाकावर बसली आणि रोज मी पुसलं. कढीपासून शिऱ्यापर्यंत सगळ्यात नारळ पडत होता. हळूहळू करवंटीत मुंग्या विरळ झाल्या, लाल तर दिसेनाशाच झाल्या. मग एका सकाळी करवंटी पांढरीच राहिली. आईने ती उचलून पाहिली आणि म्हणाली, "चीर बुजव." मी पांढरं सिमेंट कालवलं. बुजवताना ती शेजारी उभी होती. तिने आत एकदा डोकावून पाहिलं, पण थांब म्हणाली नाही.

त्या दिवशी करवंटीत काही नव्हतं, तरी ती साखर घेऊन खाली गेली.

मी बहिणीला कळवलं. ती बाळाला घेऊन आली आणि आल्या आल्या ओट्याखाली वाकून पाहिलं. बुजवलेल्या चिरेचा पांढरा डाग होता तिथे, आणखी काही नव्हतं. बाळ खाली सोडलं. ते रांगत सगळ्या घरभर फिरलं, पुस्तकांच्या कपाटाला धरून उभं राहिलं आणि परत बसलं.

सकाळी आईने बाळाला कडेवर घेतलं आणि जिन्याने खाली निघाली. आम्ही दोघी मागून. उंबराखाली बसून तिने बाळाच्या तळव्यावर साखर ठेवली आणि तो चिमुकला हात धरून बुंध्याकडे नेला. "आजोबांना दे. घ्या म्हण."

बाळाने मूठ मिटली आणि सरळ तोंडात घातली.

"आई, अगं वर्षाची होईपर्यंत साखर द्यायची नाही," बहीण पुढे झाली.

आई हात धरून बाळाची मूठ बाहेर काढेल, अशी माझी अपेक्षा होती. तिची सगळी हयात त्यात गेली होती. ती हललीच नाही. बाळ डोळे मोठे करून मूठ चोखत होतं आणि त्याच्या हनुवटीवरून ओघळ येत होता.

"असू दे," आई म्हणाली. "एकदा असू दे."

मग तिने पदराने त्याची हनुवटी पुसली, आणि ओल्या मुठीला चिकटलेले उरलेले दाणे झाडाच्या मुळाशी झटकले.