पाटीवर माझं गाव कोणतं

२०२३ साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. आमच्या आष्टीच्या शाळेत आसपासच्या गावांतल्या जुन्या हुतूतू खेळणाऱ्यांची पाटी लागणार होती. फोटो, खाली नाव आन् गाव. आमचा म्हातारा कप्तान माझ्या वट्ट्यावर येऊन माझा फोटो मागू लागला. ज्यानं अठ्ठेचाळीस वर्षं माझ्याशी खेळाचा शब्द काढला न्हाई, तो आज फोटो मागतो? मला खटकलं.

आठ वर्षं मी आष्टीकडून खेळलो. माझ्या पकडीतून कोण सुटला, कुणी सांगावं. तव्हा आमच्याकडं रिवाज होता, नागपंचमीला बायकोला माहेराहून आणायला गेलेला जावई त्या दिवशी सासुरवाडीकडून खेळायचा. न्हाई म्हणणं म्हंजे सासऱ्याचा अपमान. पंचाहत्तर सालच्या नागपंचमीला मी असाच सासुरवाडीकडून उतरलो, आन् समोर नेमकं आष्टीच आलं. मी दम धरून शिरलो आन् कप्तानासकट तिघांना बाद करून मधली रेघ गाठली. आष्टी हारली. मंग गावात उठलं, यानं आपल्या गड्यांची कमजोरी सासऱ्याला सांगितली. त्यानंतर मला बोलावणं बंद झालं ते कायमचंच. ही आवई कप्तानानंच उठवली, असा माझा वहीम.

"माझ्या फोटोखाली गाव कोणतं लिवणार?" मी इचारलं.

तो तंबाखू मळत हसला. "सासुरवाडीचं लिवू का, जावईबापू?"

"हे बघ, आलं बाहेर!"

"अरं, मस्करी केली. त्या तिघांत मी पहिला बाद झाल्तो. तू संघात राह्यला असता तर मला रोज तेच दिसलं असतं. म्हणून न्हाई बोलावलं."

"मंग गद्दार कोण म्हणलं?"

"मी न्हाई. पण म्हणणाऱ्याला गप बी न्हाई केलं."

निम्मं खरं बोलला असावा. निम्मं अजून पोटात असंल.

आतून बायको म्हणाली, "अहो, द्या की फोटो. माझ्या माहेरापायी खेळ गेला, आता पाटी तरी जाऊ नका देऊ."

"बघतो," म्हणलो, आन् कप्तानाला तसंच धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो घेऊन मी स्वतः शाळेत गेलो. चौथीच शिकलोय, पण गावाचं नाव वाचता येतं. पेंटरच्या शेजारी स्टूल ओढलं आन् त्यानं माझ्या नावाखाली 'आष्टी' लिवून रंग वाळेपर्यंत उठलो न्हाई.